मागील रीडिंग

बाबा बेस्टमध्ये मीटर रीडर होते.
माहीम ते शिवडी, बत्तीस वर्षं,
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च दातांत धरून.
कुठल्या इमारतीत कुत्रं, कुठल्या पेटीत घूस,
पीतांबर भुवनची किल्ली तळमजल्यावरच्या पारसिणीकडे,
सगळं पाठ.

तर त्या दिवशी मासळीबाजारात
त्यांनी वाट्याकडे बोट दाखवलं आणि
थांबले.
"ता गो... ता... पाण्यासारख्या."
चिंदरचा माणूस, आणि बोंबलाचं नाव ओठावर येईना.
"बोंबील पायजे बाबाला," रेवतीमावशी स्वतःशीच म्हणाली
आणि दोन जास्त घातले.
मी हसले. मीही विसरतेच की,
पासवर्ड, छत्री.

मग पेपरवाला पैसे परत करायला आला,
काका, या महिन्याचे तीनदा दिलेत.
मग पोर्तुगीज चर्चच्या सिग्नलला
रस्ता मोकळा असूनही ते उभेच,
कुणीतरी 'चला' म्हणेल म्हणून.

आईला सांगितलं तर ती कोथिंबीर निवडत राहिली.
"वय झाला."
पण मी बाबांना विचारलं, जेवलात? उत्तर तिने दिलं.
विचारलं, पेन्शन आली? उत्तर तिने दिलं.
तेव्हा दिसलं मला,
किती दिवस ती त्यांच्या वाक्यांमागून चालते आहे,
पडलेला शब्द उचलून
कुणी बघायच्या आत जागेवर ठेवते आहे.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या फुल्या.
दुधाच्या खाड्यांच्या असतील, असं वाटायचं.
दूध तर रोज येतं.
मी मागची पानं उलटली.
गेल्या गणपतीपासूनच्या फुल्या.
सुरुवातीला महिन्यात एक.

केईएमला डॉक्टर म्हणजे माझ्या भाचीएवढी पोरगी.
"आजोबा, एक घड्याळ काढा."
बाबांनी गोल काढला, सुरेख, एका दमात.
मग आकडे भरले. शून्यापासून नऊपर्यंत,
उलटे, डावीकडून.
तिने काहीतरी टिपलं.
मला ओरडावंसं वाटलं, अहो, हे चुकलेलं नाही!
जुन्या मीटरला छोट्या तबकड्या असायच्या ओळीने,
एकीचा काटा उजवीकडे फिरतो, शेजारणीचा डावीकडे,
ही त्यातली शेजारीण आहे.
ओरडले नाही.
तिने घड्याळ मागितलं होतं.

आता बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू आहेत,
थायरॉइडचा रिपोर्ट यायचा आहे,
गोळ्यांच्या डबीला वारांची नावं.
बँकेत माझं नाव जोडलं, त्यांना नीट विचारून,
त्यांच्याच सहीने, अजून सही येते आहे तोवर.
खिशात पत्त्याची चिठ्ठी. ती त्यांनीच लिहिली,
बिलावर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात.
आई एकदाच बोलली,
"तुका सांगितला असता तर ता खरा झाला असता."
आता फुल्या आम्ही दोघी मारतो.
पेन्सिल एकच, दोरीला बांधलेली.

रात्री कधी कधी, दिवे गेलेले नसतानाही
ते टॉर्च शोधतात.
मी अडवत नाही. वही घेते, त्यांच्या पुढे
एक पायरी खाली राहून उतरते.
मीटर आता डिजिटल, आकडे आपले आपण उजळतात,
वाचणाऱ्याची गरज नाही.
तरी ते वाचतात, काचेवर बोट ठेवून. मी लिहिते.
काल मधेच थांबले. माझ्याकडे बघत राहिले,
नाव शोधत असावेत, मी सांगितलं नाही लगेच.
मग म्हणाले,
"काटो दोन आकड्यांच्या मधी अडाकलो
तर काय करुचा, म्हायत हा?"
नाही, म्हटलं.
(दुसरीत असल्यापासून माहीत आहे.)
"मागचो घेवचो. जो पार झालो तो.
फुडचो अजून येवक नाय."

तसंच लिहिलं.